२४० सेकंदांचा हिशेब

फिगर स्केटिंग बघणारी दोन माणसं एका खोलीत बसवा आणि ‘व्हँकुव्हर’ एवढंच म्हणा. पुढचा तासभर तुम्हाला बोलावं लागणार नाही. २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तिथे पुरुषांचं सुवर्ण अमेरिकेच्या इव्हान लायसाचेकला मिळालं, २५७.६७ गुणांनी. रशियाचा येव्गेनी प्लुशेन्को २५६.३६ वर राहिला. फरक १.३१. लायसाचेकने अख्ख्या स्पर्धेत एकही क्वाड, म्हणजे हवेत चार फेऱ्यांची उडी, मारली नव्हती. प्लुशेन्कोने दोन्ही दिवशी मारली, आणि वर तिला लागूनच तीन फेऱ्यांची दुसरी उडी जोडली. क्वाडविना जिंकता येत असेल तर हा खेळ मागे चाललाय, असा त्याचा सूर होता आणि तो त्याने लपवला नाही.

ही हकीकत सांगताना चाहते हमखास म्हणतात की त्या रात्री कलेने ताकदीवर मात केली. कुणी कौतुकाने म्हणतं, कुणी दातओठ खाऊन. गुणपत्रक मात्र भलतंच सांगतं. फिगर स्केटिंगचे गुण दोन खात्यांत जमा होतात. एक तांत्रिक खातं: प्रत्येक उडी, गिरकी, पदन्यास यांची ठरलेली किंमत, आणि ती किती सफाईने केली त्यावर अधिक-उणे. दुसरं सादरीकरणाचं, ज्याला चाहते पीसीएस म्हणतात आणि भांडताना सरळ ‘कलेचे गुण’. स्पर्धा दोन दिवसांची, आधी छोटा कार्यक्रम, मग लांब, आणि दोन्हींच्या गुणांची बेरीज. लांब कार्यक्रमात या दुसऱ्या खात्यात दोघांनाही मिळाले ८२.८०. काटा तिळभर हलला नाही. फरक पडला तो तांत्रिक खात्यात: लायसाचेक ८४.५७, प्लुशेन्को ८२.७१. प्लुशेन्कोच्या उड्या हवेत कललेल्या होत्या आणि काही उतरणी त्याने कशाबशा सावरल्या. लायसाचेकच्या उड्या सोप्या, पण स्वच्छ होत्या. त्यातल्या बऱ्याच उत्तरार्धात होत्या आणि तेव्हा उत्तरार्धातल्या उडीला दहा टक्के जास्त मिळत. ज्या निकालावर कला विरुद्ध ताकद हा वाद पंधराएक वर्षं पोसला गेला, त्यात कलेच्या रकान्यात चक्क बरोबरी होती.

हा वाद भलत्याच दोन शब्दांत अडकलाय असं मला वाटतं. बर्फावर कला आणि अंगमेहनत एकाच पात्यावर उभ्या असतात. ओढाताण होते ती सेकंदांची आणि दमाची. पण तिथे पोचायला पात्यापासून सुरुवात करावी लागेल.

फिगर स्केटचं पातं साधारण चार मिलिमीटर जाड. खालून पाहिलं तर ते सपाट नसतं. लांबीभर मधोमध पन्हळ कोरलेली असते आणि त्यामुळे पात्याला दोन कडा येतात, आतली आणि बाहेरची. ताठ उभं राहिलं की दोन्ही कडा टेकतात आणि बर्फावर जोडरेघ उमटते. ती नवशिक्याची खूण. घोटा कलला की एकच कड लागते आणि स्केटर वळणाच्या वाटेवर जातो. शिवाय पातं पुढून मागे किंचित कमानदार असतं, होडीच्या बुडासारखं, म्हणून वजन थोडं पुढे-मागे सरकवलं की एका पायावर दिशा फिरवता येते. टोकाला दाते असतात. ते बर्फात रोवून काही उड्या मारतात.

कलेचे चाहते ज्याला ‘वाहणं’ म्हणतात ते या कडेवर किती झुकायची छाती आहे यावर ठरतं. खोल कडेवरचा स्केटर आख्खा आडवा कलतो, तरी पडत नाही. ढकलल्याचं दिसत नाही पण वेग वाढत जातो, कारण तो वेग वाकलेल्या गुडघ्यातून आणि मऊ घोट्यातून येतो. कानांनीही ओळखता येतं. खऱ्या कडेचा आवाज जाड कापड फाडल्यासारखा सलग असतो; दात्यांवर चालणाऱ्याचा आवाज खवणीवर नारळ खवल्यासारखा. कॅनडाचा पॅट्रिक चॅन, अमेरिकेचा जेसन ब्राऊन, इटलीची कॅरोलिना कोस्टनर ही नावं नेहमी कलेच्या बाजूने पुढे केली जातात. त्यांच्याकडे जे आहे ते आधी मांड्यांत आणि घोट्यांत आहे, मग चेहऱ्यावर. एका पायावर वळण्याचे सहा प्रकार, दोन्ही दिशांना, दोन्ही पायांवर, वेग न गमावता करणं ही वर्षानुवर्षांची मजुरी असते. तिला नुसती ‘अभिव्यक्ती’ म्हणणं म्हणजे भीमसेन जोशींच्या दमसासाला ‘गोड आवाज’ म्हणण्यासारखं.

आता दुसरी बाजू. क्वाडला हवेत मिळतात जेमतेम ०.६५ ते ०.७ सेकंद, उंची अर्ध्या मीटरच्या आसपास. तेवढ्यात चार फेऱ्या बसवायच्या तर हात छातीशी आणि पाय एकमेकांवर आवळून शरीराची दोरी करावी लागते. थोडं जरी उघडं राहिलं तरी फिरण्याचा वेग मरतो. उतरायचं नेहमी मागच्या दिशेने, बाहेरच्या कडेवर, एका पायावर, आणि तो पाय शरीराच्या कितीतरी पट भार झेलतो. फेरी पाव भागाहून जास्त कच्ची राहिली तर उडीची मूळ किंमत ८० टक्क्यांवर येते. अर्धी किंवा त्याहून जास्त कच्ची राहिली तर ती उडी एक फेरी कमी धरूनच मोजतात.

सहा उड्यांपैकी एकच जवळून पाहू: लुट्झ. बहुतेक स्केटर घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात, त्यांच्यासाठी ही उडी अशी. डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर मागे मागे जायचं. ही कड शरीराला घड्याळाच्या दिशेने नेणाऱ्या मोठ्या वळणावर ठेवते. मग उजव्या पायाचे दाते मागे रोवायचे आणि वळणाच्या नेमकं उलट्या दिशेने फिरत वर जायचं. शरीर एका दिशेला वाहतंय आणि फिरकी दुसऱ्या दिशेची हवी. लुट्झ महाग आहे ती यासाठी. दाते रोवायच्या आधीच्या क्षणी घोट्याला मोह होतो, तो हळूच आतल्या कडेवर कलतो, आणि उडी सोपी होऊन जाते. आतल्या कडेवरून मारलेली तीच उडी म्हणजे खरं तर फ्लिप. चाहत्यांनी या लबाडीला ‘फ्लुट्झ’ असं नाव ठेवलंय. तांत्रिक पंच चित्रफीत मागे नेऊन कड बघतात. कड स्पष्ट चुकली असेल तर किंमत कापतात, संशय असेल तर सफाईचे गुण. आता बघा: बाहेरची कड शेवटपर्यंत धरून ठेवलेली लुट्झ सुंदर दिसते. त्यात एक ताण असतो, धनुष्य ओढून धरल्यासारखा. ही कला म्हणायची की तंत्र? (पुण्या-मुंबईत चाकांच्या स्केटवर आर्टिस्टिक प्रकार करणारी मुलंही याच उड्या याच नावांनी शिकतात, आणि फ्लुट्झही तिथे असतेच.)

किंवा जपानच्या युझुरु हान्यूची तीन फेऱ्यांची ॲक्सेल. ॲक्सेल ही एकमेव उडी पुढे तोंड करून मारतात, म्हणून तिच्यात अर्धी फेरी जादा. साधारण पद्धत अशी की मागे जाणाऱ्या पायावरून पुढच्या पायावर पाऊल टाकायचं, क्षणभर सरकायचं, मोकळा पाय वर फेकायचा. हान्यू बॅक काउंटर नावाचं वळण घेऊन येई. ज्या पायावर तो मागे जात असे त्याच पायावर वळून पुढे तोंड करी आणि त्याच पायावरून उडे. मधलं पाऊल नाही, तयारीचा अवकाश नाही. उतरल्यावरही थांबणं नाही, सरळ पुढची गिरकी. आपल्याकडे बैठकीत तान कितीही सपाट्याची असली तरी ती समेवर चुकली तर मान हलत नाही. हान्यूचं उतरणं समेवर येई. उडीची किंमत तीच राहते, मान मात्र हलते.

आता पैशाचं गणित, कारण खरा घोळ तिथे आहे. २०१८ च्या दरपत्रकात तीन फेऱ्यांच्या लुट्झला ५.९, चार फेऱ्यांच्या लुट्झला ११.५. सफाईसाठी उणे पाच ते अधिक पाच असे गुण, आणि प्रत्येक पायरीला मूळ किमतीच्या दहा टक्के. वरच्या पायऱ्यांसाठी नियमपुस्तकात सहा निकष आहेत; त्यात उंची आणि लांबी जशी आहे तसं उडीआधीचं अनपेक्षित वळण आहे आणि ती संगीताशी जुळणंही आहे. कलेला तांत्रिक खात्यातही दार ठेवलंय, असं यावर म्हणता येईल. म्हणावं, पण दहा टक्के कशाचे ते बघावं. हान्यूसारख्या प्रवेशाची एक पायरी तीन फेऱ्यांच्या ॲक्सेलवर ०.८ देते, आणि चार फेऱ्यांच्या लुट्झवर तशीच एक पायरी १.१५. व्याजाचा दर सगळ्यांना सारखा, मुद्दल ज्याचं मोठं त्याचं व्याज मोठं.

दुसऱ्या खात्याला तर छप्परच आहे. २०२२ पासून सादरीकरणाचे तीनच रकाने उरले: रचना, सादरीकरण, स्केटिंगचं कौशल्य. आधी पाच होते. उड्यांच्या मधल्या जोडकामासाठी वेगळा रकाना होता, तो रचनेत मिसळून टाकला. प्रत्येकाला जास्तीत जास्त दहा, आणि पुरुषांच्या लांब कार्यक्रमात बेरजेला ३.३३ ने गुणायचं. म्हणजे कमाल ९९.९०. देवाने येऊन स्केटिंग केलं तरी याच्या वर नाही. तांत्रिक खात्याला असं छप्पर नाही. २०२४ च्या माँट्रियल विश्वस्पर्धेत अमेरिकेच्या इलिया मालिनिनने लांब कार्यक्रमात सहा क्वाड मारून २२७.७९ मिळवले. त्यात कलेचे पूर्ण ९९.९० होते असं धरलं, जे शक्यच नाही, तरी उड्या-गिरक्यांच्या पदरी १२७.८९ उरतात.

तीन फेऱ्यांची लुट्झ सोडून चार फेऱ्यांची घेतली की ५.६ गुण वाढतात. क्वाड न मारणाऱ्याला ते कलेतून भरून काढायचे तर तिन्ही रकान्यांत प्रत्येकी अर्ध्या गुणाहून जास्त वाढ हवी. एका क्वाडपुरतं हे जमेल. चार क्वाडचं अंतर तोडायला प्रत्येक रकान्यात दोनाहून जास्त गुण लागतील, आणि जो आधीच ९.२५ वर आहे तो कुठून आणणार? जेसन ब्राऊन २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये एकही क्वाड न मारता सहावा आला. मला तो त्या स्पर्धेतला एक मोठा पराक्रम वाटतो. पण सहाव्याच्या वर त्याला शिडी नव्हती.

एक गोष्ट मात्र सुधारली, आणि ती चाहते विसरतात. २०१८ आधीच्या दरात चार फेऱ्यांची लुट्झ १३.६ ची होती. फेऱ्या पूर्ण करून धाडकन आपटलात तरी सफाईचे चार आणि पडण्याचा एक वजा होऊन ८.६ हातात राहत. त्याच काळात तीन फेऱ्यांची निर्दोष लुट्झ, सगळ्या परीक्षकांनी कमाल सफाई दिली तरी, ८.१. आपटणारा जिंकत होता! आजच्या हिशेबात तीच पडलेली क्वाड ११.५ वरून ५.७५ आणि वर एक वजा होऊन ४.७५ वर येते, आणि साधी स्वच्छ ट्रिपल तिच्या पुढे जाते. पण पडण्याऐवजी नुसता हात टेकला तर? चार फेऱ्यांची टो-लूप, म्हणजे सगळ्यात स्वस्त क्वाड, ९.५ ची, उणे दोन सफाई धरली तरी ७.६. चांगली, अधिक दोनची ट्रिपल लुट्झ ७.०८. प्रशिक्षक हे आकडे पाठ म्हणतात. ‘मारून बघ’ हा सल्ला तिथून येतो.

आता ते सेकंद. लांब कार्यक्रम चार मिनिटांचा, दहा सेकंद इकडे-तिकडे चालतात. २४० सेकंदांत बारा घटक: उड्यांचे सात फेरे, तीन गिरक्या, एक पदन्यासाची मालिका, एक मोकळी नृत्यमालिका. सगळ्या अटी पुऱ्या करणारी गिरकी पंधराएक सेकंद खाते. तिन्ही मिळून पाऊण मिनिट. आखाडाभर फिरणारी पदन्यासाची मालिका अर्ध्या मिनिटाच्या वर. राहिल्या उड्या. क्वाड मारायच्या आधी काय होतं ते स्टॉपवॉच लावून बघा. मागे मागे पाय आडवे टाकत वेग घ्यायचा, कोपऱ्याकडे लांब सरळ रेघ, खांदे बंद, मान वळवून मागची जागा पाहणं, श्वास. सहा-सात सेकंद सहज गेले. या काळात हात आपोआप समतोलाच्या जागी जातात, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा होतो आणि संगीत आपल्या वाटेने पुढे निघून जातं. पाच क्वाड म्हणजे अर्ध्या मिनिटाहून जास्त काळ प्रेक्षक फक्त वाट बघतोय.

२०१८ मध्ये पुरुषांचा लांब कार्यक्रम साडेचार मिनिटांवरून चार मिनिटांवर आणला आणि उड्यांचे फेरे आठाचे सात केले. ऐकायला रास्त वाटतं. वेळ कमी, काम कमी. पण तीस सेकंद कापले आणि एक उडी कापली. तयारीसकट एक उडी फार तर दहा सेकंदांची. उरलेले वीस सेकंद कुठून काढले? गिरक्या तेवढ्याच, पदन्यास तेवढाच. ते निघाले मधल्या जोडकामातून: जिथे स्केटर नुसता एका पायावर लांब सरकत जाई, हात उघडे, काही ‘मोजण्यासारखं’ न करता. गाण्यात दोन ताना जवळ आणण्यासाठी मधला षड्ज कापावा तसं. कलेचे चाहते जेव्हा ‘पूर्वीसारखं राहिलं नाही’ म्हणतात तेव्हा ते निव्वळ गतकाळाचं रडगाणं नसतं. वीस सेकंद खरोखर गेलेत.

दमाचं गणित वेगळं. तिसऱ्या मिनिटाला मांड्या पेटलेल्या असतात, म्हणून उत्तरार्धातल्या उडीला दहा टक्के जादा देत. रशियाच्या अलिना झागितोवाने २०१८ च्या प्याँगचँग ऑलिंपिकमध्ये याचा शेवट गाठला: पहिली दोन मिनिटं एकही उडी नाही, नुसत्या गिरक्या आणि पावलं, मग सगळ्या उड्या उत्तरार्धात. लांब कार्यक्रमात तिला आणि येव्गेनिया मेद्वेदेवाला अगदी सारखे गुण मिळाले, १५६.६५. सादरीकरणात मेद्वेदेवा पुढे, तंत्रात झागितोवा. सुवर्ण झागितोवाचं झालं ते छोट्या कार्यक्रमातल्या आघाडीवर, आणि गंमत म्हणजे फरक पुन्हा तोच, १.३१. तिचा कार्यक्रम एकांगी, डावीकडे रिकामा नि उजवीकडे ठासून भरलेला होता हे मान्य. पण दमल्या पायांवर एकामागून एक स्वच्छ उतरणं बघताना अंगावर काटा येत होता हेही खरं. त्याच उन्हाळ्यात नियम बदलला: आता छोट्या कार्यक्रमात शेवटच्या एका आणि लांब कार्यक्रमात शेवटच्या तीन उड्यांनाच ते दहा टक्के.

हा सगळा वाद क्वाडबरोबर आला असं समजणाऱ्यांनी १९७२ कडे जावं. तेव्हा स्केटरला आधी ‘फिगर्स’ काढाव्या लागत: कोऱ्या बर्फावर एका पायाने वर्तुळं आणि आठाचे आकार, मग त्याच रेघेवरून पुन्हा, पुन्हा. परीक्षक वाकून रेघा तपासत. खेळाचं नाव यावरूनच पडलं. साप्पोरो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाच्या बीआट्रिक्स शूबाने रेघांमध्ये इतकी आघाडी घेतली की मुक्त स्केटिंगमध्ये सातवी येऊनही सुवर्ण तिचंच झालं. अमेरिकेची जॅनेट लिन एका गिरकीत खाली बसली, हसत उठली, कांस्य घेऊन गेली, आणि जपानी प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं. दूरचित्रवाणीवर लोकांना फक्त मुक्त स्केटिंग दिसत होतं; हरलेली लिन नाचली आणि जिंकलेली शूबा अडखळली, एवढंच त्यांनी पाहिलं. पुढच्याच वर्षी छोटा कार्यक्रम आला, फिगर्सचं वजन घटत गेलं, आणि १९९० नंतर त्या विश्वस्पर्धेतून गेल्या. त्या वेळी ‘तंत्र’ म्हणजे रेघ होती आणि उडी ‘कले’च्या बाजूला मोजली जात होती, हे विसरू नये. शब्द तेच राहिले, त्यांची घरं बदलली.

मुलींच्या स्केटिंगमध्ये हे सगळं जास्त टोचतं. बीजिंगमध्ये रशियाच्या अलेक्सांड्रा त्रुसोवाने लांब कार्यक्रमात पाच क्वाड मारले. तिला तांत्रिक १०६.१६ आणि सादरीकरणाचे ७०.९७ मिळाले. रशियाच्याच आना श्चेर्बाकोवाने दोन क्वाड मारून १००.४९ आणि ७५.२६ मिळवले. त्या दिवशी त्रुसोवा पहिली, पण छोट्या कार्यक्रमातल्या पिछाडीमुळे रौप्य. जपानची काओरी साकामोतो एकही क्वाड न मारता, तीन फेऱ्यांची ॲक्सेलही न मारता कांस्य घेऊन गेली. ज्यांना हे उदाहरण कलेचा विजय वाटतं त्यांनी तिची दोन फेऱ्यांची ॲक्सेल बघावी. किंमत फक्त ३.३. आखाड्याच्या एका टोकाकडून पूर्ण वेगात येते, हवेतून लांबच लांब जाते, आणि उतरल्यावर वेग तेवढाच असतो. हे दंडबैठकांनी आलेलं सौंदर्य आहे.

क्वाड मारणाऱ्या मुलींचं वय तेव्हा पंधरा ते सतरा, कारण कंबर रुंदावण्याआधी फिरायला सोपं जातं. मग उंची वाढते, वजनाचा मध्य सरकतो, पाठ आणि नितंबाचे सांधे कुरकुरतात, आणि दोन वर्षांपूर्वीची राणी यादीतून गायब. २०२२ च्या उन्हाळ्यात आंतरराष्ट्रीय स्केटिंग महासंघाने वरिष्ठ गटाची किमान मर्यादा पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरावर नेली. हा निर्णय गुणांच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा कलेच्या बाजूने जास्त काम करेल असं मला वाटतं. कडेवर झुकायला वर्षं लागतात, आणि ती वर्षं या नियमाने मिळवून दिली.

‘कलात्मक’ या शब्दाबद्दलही थोडं सावध असलेलं बरं. त्यात बऱ्याचदा बॅलेतलं एक ठरावीक शरीर दडलेलं असतं: लांब मान, बारीक मनगट, गोरी कांती. फ्रान्सची कृष्णवर्णीय सुर्या बोनाली पाच वेळा युरोपची विजेती आणि १९९३ ते ९५ सलग तीन वर्षं जगात दुसरी. तिच्या उड्यांना ताकद म्हटलं गेलं, कला क्वचितच. १९९८ च्या नागानोमध्ये तिने मागे कोलांटी मारून ती एका पायावर उतरवली. कोलांटीवर १९७० च्या दशकापासून बंदी होती. प्रेक्षक उभे राहिले, गुण कापले गेले. २०२४ मध्ये फ्रान्सच्याच अडाम सिआओ हिम फाने माँट्रियलला तीच कोलांटी मारली, दोन गुणांचा दंड घेतला आणि एकोणिसाव्या स्थानावरून कांस्यापर्यंत आला. त्या वर्षी बंदी उठली. कोलांटीला आजही स्वतःची किंमत नाही. ती कुणाच्या बाजूची, हे दोन्ही पक्षांना अजून ठरवता आलेलं नाही.

उपाय सगळ्यांकडे असतात. गुणकार वाढवा. एक उडी आणखी कमी करा. कुणी म्हणतं दोन वेगळ्या स्पर्धाच करा, एक तंत्राची, एक कलेची. हा शेवटचा उपाय मला सगळ्यात वाईट वाटतो. एकीकडे सगळेच नुसत्या उड्या मोजतील, दुसरीकडे तोच कार्यक्रम उड्या काढून, आणि हान्यूच्या त्या बॅक काउंटरला दोन्हीकडे जागा नसेल.

मुळात सध्याच्या रकान्यांचाच नीट वापर होत नाही. नऊ परीक्षक बसतात. चार मिनिटांत प्रत्येकाने बारा घटकांना सफाईचे गुण द्यायचे आणि त्याच वेळी रचना, सादरीकरण, कौशल्य यांवरही नजर ठेवायची. स्केटर मोकळं सरकत असतो तेव्हा परीक्षक बटणावर मागच्या उडीचा आकडा दाबत असतो. ज्या सेकंदांसाठी कलेचे गुण आहेत नेमक्या त्याच सेकंदांना त्याची मान खाली असते. मग शेवटी तीन रकाने भरताना आकडे एकाच पट्ट्यात पडतात: ९.००, ९.२५, ९.००. उड्या चांगल्या झाल्या की रचनाही आपोआप चांगली ठरते. मध्ये रिकामं मैदान असलेल्या कार्यक्रमाला रचनेत ७ आणि कौशल्यात ९ असं स्वच्छ वेगळं करून दाखवणारा परीक्षक विरळा. कौशल्याचा आणि रचनेचा रकाना वेगळ्या माणसांकडे द्या, त्यांना सफाईची बटणंच देऊ नका. माझ्या मते गुणकार बदलण्याआधी हे करून पाहावं.

आणि बघणाऱ्यांनी? प्रक्षेपणात पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट असते. प्रत्येक घटकासाठी एक छोटा चौकोन: चांगला झाला की हिरवा, तपासणीला गेला की पिवळा, बिघडला की लाल. शेजारी तांत्रिक गुण टॅक्सीच्या मीटरसारखे चढत असतात. सादरीकरणाचा आकडा तिथे नसतोच, तो शेवटी येतो. कलेसाठी हिरिरीने भांडणारेही चारही मिनिटं त्या कोपऱ्याकडे बघत बसलेले असतात. बोटभर कागद आणि थोडी चिकटपट्टी. पुढच्या स्पर्धेला तेवढा कोपरा झाकून बघा.